सगळं 'लो' करायच्या आधी: शूटर गेमची ग्राफिक्स सेटिंग कशी ठरवायची?

खटक्यावर_बोट (राजारामपुरी)

कोल्हापुरात राजारामपुरीत माझा गेमिंग कॅफे आहे. पोरं खुर्चीत बसली की आधी सेटिंग उघडतात, वरपासून खालपर्यंत सगळं 'लो' करतात आणि मग खेळायला लागतात. कुणीतरी व्हिडिओत सांगितलेलं असतं, तेच गल्लीभर फिरतं. मला हे मनापासून खटकतं, कारण 'लो' करताना काही वेळा आपण समोरचा शत्रू दिसण्याची सोयच बंद करतो आणि त्या बदल्यात हातात काही पडत नाही.

सावल्यांचंच बघा. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये कोपऱ्यामागे उभ्या माणसाची सावली त्याच्या आधी बाहेर डोकावते. ऊन त्याच्या पाठीमागून असेल तर तो दिसायच्या आधीच कळतं की कुणीतरी येतंय. तिथे 'डायनॅमिक शॅडोज' असा पर्याय आहे. 'सन ओन्ली' ठेवलं तर फक्त उन्हाच्या सावल्या, 'ऑल' ठेवलं तर आतल्या दिव्यांच्याही. हा पर्याय मी कॅफेतल्या सगळ्या मशीनवर 'ऑल' ठेवतो. ग्लोबल शॅडो क्वालिटी एकदम तळाला नेली की सावलीची कड ढोबळ होते आणि लांबची सावली वाचता येत नाही, म्हणून तीही तळाला नेत नाही.

आता व्हॅलोरंट घ्या. तिथेही 'कास्ट शॅडोज' आहे, पण ती सावली फक्त तुमच्या स्वतःच्या हातांची आणि बंदुकीची. शत्रूबद्दल ती काहीच सांगत नाही. तिथे डोळे मिटून बंद करा. नाव तेच, काम वेगळं, म्हणून एका गेमची सेटिंग दुसऱ्यात उचलून टाकू नका.

माझी पद्धत साधी आहे. प्रत्येक पर्यायाला दोन प्रश्न विचारायचे. याने शत्रू लवकर किंवा स्पष्ट दिसतो का? आणि हा पर्याय प्रोसेसरचं ओझं वाढवतो की ग्राफिक्स कार्डचं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माहीत नसताना केलेली सगळी खटपट वाया जाते. ते शोधायला दहा मिनिटं पुरतात. बॉट्स (कॉम्प्युटर चालवतो ते खेळाडू) घेऊन एखादा मॅप उघडा, एका ठरलेल्या जागी उभे राहा, एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं येतात त्याचा, आकडा बघा. मग रिझोल्यूशन १९२०×१०८० वरून १२८०×७२० करा. पडद्यावरचे पिक्सेल २० लाख ७३ हजारांवरून ९ लाख २१ हजारांवर येतात, म्हणजे कार्डाचं काम निम्म्याहून कमी होतं. आकडा चांगला वाढला तर अडचण कार्डाची होती. तिथल्या तिथेच राहिला तर अडचण प्रोसेसरची किंवा रॅमची आहे, आणि मग टेक्श्चर (भिंती-जमिनीवरची नक्षी) 'लो' करून, अँटी-अलायझिंग (दातेरी कडा गुळगुळीत करणं) काढून काहीही मिळणार नाही. शूटर गेममध्ये प्रोसेसर अडणं फार सामान्य आहे.

अजून एक, सगळ्याच्या आधी करायचं. नवा मॉनिटर जोडला की विंडोज बऱ्याचदा तो ६० हर्ट्झवरच, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांवरच, चालवतं. डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन १४४ किंवा १६५ स्वतः निवडावं लागतं. काही मॉनिटरवर एचडीएमआयमधून पूर्ण आकडा मिळत नाही, डिस्प्लेपोर्टची केबल लागते. आणि केबल कार्डाला लावा. मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली मशीनं माझ्याकडे तपासायला येतात.

तुमचं कार्ड, प्रोसेसर, रॅमच्या पट्ट्या किती, मॉनिटर किती हर्ट्झचा आणि गेम कुठला, एवढं लिहा. बघू एकेक.

बावड्याचा_पोरगा

दादा, जीटीएक्स १६५०, आय३-१२१००एफ, ८-८ च्या दोन पट्ट्या, १४४ हर्ट्झ मॉनिटर (विंडोजमध्ये १४४ निवडलाय, बघितलं). काउंटर-स्ट्राइक २. सगळं लो आहे, फक्त एमएसएए (अँटी-अलायझिंगचा प्रकार) ८एक्स ठेवलंय, लांबची डोकी स्पष्ट दिसतात म्हणून. आकडा १७०-१८० दाखवतो. पण इन्फर्नो मॅपवर बनाना नावाच्या वाटेत धूर पडला आणि मी त्याच्याजवळ गेलो की माऊस जड होतो. भांडण तिथंच असतं आणि तिथंच मरतो. आकडा एवढा असून असं का?

खटक्यावर_बोट

भावा, तुझ्या पोस्टमध्येच उत्तर आहे. १७०-१८० ही सरासरी. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला दर ६.९ मिलिसेकंदाला नवं चित्र लागतं. मोकळ्या मैदानात तुझं कार्ड ते आरामात देतं. धुराजवळ प्रत्येक चित्राला जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात समोरचा निघून गेलेला असतो. स्टँडवरून दिवसभरात किती बस सुटल्या याला अर्थ नाही, आपण थांबलो होतो तेव्हा आली का ते महत्त्वाचं. म्हणून सरासरीबरोबर '१ टक्का लो' हा आकडा बघत जा. सर्वांत हळू आलेल्या एक टक्का चित्रांचा वेग त्यातून कळतो. आफ्टरबर्नर किंवा कॅपफ्रेमएक्स या वेग मोजायच्या प्रोग्रॅममध्ये तो दिसतो, आणि काउंटर-स्ट्राइक २ च्या स्वतःच्या टेलिमेट्रीमध्ये फ्रेम टाइमही (एका चित्राला लागलेला वेळ) दिसतो.

या गेममधला धूर हा नुसता चिकटवलेला पडदा नाही. त्याला आकारमान आहे, गोळी गेली की त्यात भोक पडतं, ग्रेनेड फुटला की तो क्षणभर बाजूला होतो. जवळ गेल्यावर पडदाभर तो धूर रंगवायचं काम कार्डावर येतं, आणि त्याच वेळी तुझं ८एक्सही चालू असतं. १६५० हे ७५ वॅटचं कार्ड, त्याच्याकडून दोन्ही होणार नाही.

तू असं कर. एमएसएए ८एक्सवरून २एक्सवर आण, तरी जमलं नाही तर सीएमएए२ हा हलका पर्याय. लांबची डोकी स्पष्ट दिसण्यातला मोठा फायदा २एक्सलाच मिळतो. त्यातून वाचलेल्या ताकदीतली थोडी सावल्यांना दे, वर लिहिलंय तसं. टेक्श्चर मीडियम ठेव, ४ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) त्याला पुरते, आणि टेक्श्चरने वेग फारसा जात नाही जोवर व्हीरॅम भरत नाही. पार्टिकल लो, ॲम्बिएंट ऑक्लूजन (कोपऱ्या-फटींतली बारीक सावली) बंद. 'बूस्ट प्लेअर कॉन्ट्रास्ट' चालू. एन्शंटसारख्या गडद हिरव्या मॅपवर भिंतीलगत उभा माणूस त्याने सुटा दिसतो.

आणि एनव्हिडिया रिफ्लेक्स चालू कर. कार्ड ९९ टक्क्यांवर गेलं की प्रोसेसरने तयार केलेली कामं कार्डापुढे रांगेत पडून राहतात. तू माऊस हलवतोस तो त्या रांगेच्या शेवटी लागतो. तुला 'जड' वाटतं ते हेच. रिफ्लेक्स ती रांग साचू देत नाही.

उद्यमनगर_लेथ

हे सगळं बरोबर हाय, पण तुम्ही रिझोल्यूशनचं बोललाच न्हाई. आमच्यात सगळी १२८०×९६० स्ट्रेच्डवर खेळत्यात. माणूस रुंद दिसतोय, डोकं मोठं दिसतंय, वर एफपीएस पण मिळतंय. १९२० वर खेळून करायचं काय? मी तर कुणालाबी हेच सांगतो.

खटक्यावर_बोट

दादा, काउंटर-स्ट्राइकपुरतं तुमचं म्हणणं खरं आहे. ४:३ चित्र ताणून १६:९ पडद्यावर बसवलं की माणूस आडवा एक-तृतीयांश जास्त रुंद होतो. पिक्सेल १२ लाख २८ हजार, म्हणजे १०८०च्या ५९ टक्के, त्यामुळे कार्डाला विसावाही मिळतो. पण त्याची किंमत आहे. १६:९ ला आडवी नजर १०६ अंशांची असते, ४:३ ला ९० अंशांची. दोन्ही बाजूंचे आठ-आठ अंश कापले जातात. कडेला उभा माणूस रुंद दिसत नाही, तो दिसतच नाही. शिवाय रुंद झालेला माणूस पडद्यावरून सरकतोही तेवढाच जोरात.

ज्याचा हात वर्षानुवर्षं ४:३ वर बसलाय त्याला मी बदलायला सांगणार नाही. नव्या पोरांना मात्र मी १६:९ वरच बसवतो, कारण मॅप अजून पाठ नसताना कडेचं दिसणं जास्त उपयोगी पडतं. आणि व्हॅलोरंटमध्ये हे करू नका. तिथे नजर १०३ अंशांना बांधलेली आहे, ४:३ केल्याने शत्रू रुंद होत नाही, नुसता पडदा धूसर होतो.

उद्यमनगर_लेथ

कडेचं पटलं. बी साईटवर शिरताना डाव्या अंगाचा माणूस मला कायम उशिरा घावतोय. म्या म्हटलं आपली नजरच कमी पडतीया. १०८०वर बघतो चार दिवस.

शाहूपुरीकर_बाबा

नमस्कार. मी स्वतः खेळत नाही, मुलगा खेळतो. बारावी झाली म्हणून त्याला गेल्या वर्षी कॉम्प्युटर घेऊन दिला. रायझन ५ ५६००जी, ग्राफिक्स कार्ड नाही, १६ जीबी रॅम, ६० हर्ट्झचा मॉनिटर. तो व्हॅलोरंट खेळतो आणि म्हणतो गेम अडकतो, कार्ड घ्या. दुकानदारही कार्डच सांगतो. खर्च करायला माझी ना नाही, पण खरंच कार्डाशिवाय मार्ग नाही का, एवढंच विचारायचं होतं.

खटक्यावर_बोट

काका, कार्ड घ्यायच्या आधी एक गोष्ट बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तिन्ही बटणं एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली 'स्पीड' आणि 'स्लॉट्स यूज्ड' असं लिहिलेलं असेल. तिथे काय आहे ते इथे टाका.

शाहूपुरीकर_बाबा

स्पीड २६६६. स्लॉट्स यूज्ड: ४ पैकी १.

खटक्यावर_बोट

वाटलंच. काका, ५६००जीच्या पोटातच ग्राफिक्स आहे, पण त्याला स्वतःची मेमरी नाही, ते तुमच्या रॅममधूनच काम भागवतं. एकच पट्टी असली की डेटा जायचा रस्ताही एकच. डीडीआर४ ३२००ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन लावल्या की ५१.२. तुमची तर २६६६ वर चालते, म्हणजे २१.३ जीबी. या प्रोसेसरवर हा फरक कुठल्याही ग्राफिक्स सेटिंगपेक्षा मोठा आहे.

त्याच कंपनीची, त्याच क्षमतेची, त्याच वेगाची आणखी एक पट्टी घ्या. मदरबोर्डच्या पुस्तिकेत कुठल्या दोन खाचांत लावायच्या ते दिलेलं असतं, बहुतेक दुसरी आणि चौथी. पट्टी ३२००ची असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी चालू करायला सांगा, तरच ती ३२०० वर चालेल. मग व्हॅलोरंट १०८०ला ६०च्या वर सहज राहतो. कार्डापेक्षा हा खर्च फार कमी आहे.

त्यानंतर पैसे घालायचेच असतील तर १४४ हर्ट्झचा मॉनिटर घ्या. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहतं, १४४ला ६.९. जवळजवळ दहा मिलिसेकंदांचा फरक पडतो. १४४वरून २४०ला गेलं तर तीनसुद्धा मिळत नाहीत. म्हणून पहिली उडी मोलाची आहे.

मृगाचा_किडा

व्हॅलोरंटबद्दल थोडं लिहिते, मी तोच खेळते. लॅपटॉप आहे, आरटीएक्स ३०५०, ४ जीबी.

मटेरियल, टेक्श्चर, डिटेल या तिन्हींत शत्रू दिसण्याशी संबंध नाही, ते कमी ठेवले तरी चालतं. व्हिग्नेट, ब्लूम, डिस्टॉर्शन बंद, त्याने फक्त पडदा गढूळ होतो. अँटी-अलायझिंग मात्र मी एमएसएए ४एक्स ठेवते, कारण या गेमच्या सरळ रेषा आणि कोपऱ्यांवर दातेरी कड आली की बारकी हालचाल त्यात हरवते. अनायसोट्रॉपिक फिल्टरिंगही ४एक्स, त्याचा भार नगण्य आहे. मल्टिथ्रेडेड रेंडरिंग चालू.

पण सर्वांत उपयोगी पर्याय ग्राफिक्सच्या पानावर नाहीच. शत्रूच्या कडेचा रंग जनरल सेटिंगमध्ये आहे. मुळात लाल असतो. माझ्या भावाला लाल-हिरवा नीट वेगळा दिसत नाही, त्याला पिवळा लावून दिला आणि मग मीही पिवळ्यावर गेले. विटांच्या आणि तांबूस भिंतींपुढे लाल कड बुडते, पिवळी उठून दिसते. जांभळाही आहे. प्रत्येकाने रेंजमध्ये (सरावाच्या जागेत) जाऊन तिन्ही बघावेत, डोळ्यागणिक फरक पडतो.

एक अडचण आहे. एप्रिल-मे मध्ये खोलीत बसवत नाही इतकं गरम होतं. पहिला सामना छान चालतो, दुसऱ्यात एफपीएस उतरत जातं. आणि वळवाचा पाऊस आला की लाईट जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण गेम तिथल्या तिथे चिखलात रुतल्यासारखा होतो.

खटक्यावर_बोट

पिवळ्या रंगाचं अगदी योग्य सांगितलंत. कॅफेत मीही नव्या मुलांना आधी तेच दाखवतो.

लॅपटॉप तापला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, त्यात बिघाड काही नाही. उपाय उलटा वाटेल, पण कमाल एफपीएसवर मर्यादा घाला. तुमचा पडदा १४४चा असेल तर २५०-३०० एफपीएस काढायला लावून पहिल्या सामन्यातच यंत्र तापवण्यात काय हशील? दुसऱ्या-तिसऱ्या सामन्यातही जो आकडा टिकतो तो शोधा आणि तिथे बांधा. मेनूमध्ये आणि गेम मागे असताना वेग मर्यादित ठेवायचे दोन वेगळे पर्याय व्हॅलोरंटमध्ये आहेत, ते दोन्ही चालू ठेवा. एजंट निवडीच्या वेळी, लॉबीत गप्पा चालू असताना यंत्र विनाकारण तापतं ते थांबतं. मागची बाजू टेबलावरून दोन बोटं उचलून ठेवा, हवा खालून ओढली जाते.

बॅटरीवर कार्डाला पूर्ण वीज मिळतच नाही, तिथे सेटिंगने काही होणार नाही. वळवाच्या दिवसांत आभाळ भरून आलं की रँक्ड सामना सुरू करू नका, कारण अर्ध्यात सुटलं तर बाकीच्या चौघांचं नुकसान होतं. डेस्कटॉपवाल्यांनी यूपीएस घ्यावाच, आणि राऊटरही त्यावरच लावावा. पीसी चालू आणि नेट गेलं तर उपयोग काय.

उद्यमनगर_लेथ

गरमीवरनं सांगतो. आमच्याकडं शॉपमधला बीड (ओतीव लोखंड) कापल्याचा भुगा कपड्यावरनं घरी येतोय. तो लई बारीक असतो, काळा. पीसीच्या फॅनवर आणि कार्डाच्या पट्ट्यांत तेलकट थर बसतोय, नुसत्या फुंकरीनं जात न्हाई. ब्रश मारायला लागतोय. आणि बीडाचा भुगा म्हंजे लोखंड, वीज जाऊ शकती त्यातनं. शिरोलीला, गोकुळ शिरगावला फौंड्रीत कामाला असणाऱ्यांनी पीसी जमिनीवर ठेवूच नये. पीसी बंद, वायर काढलेली, फॅन बोटानं धरून मग ब्लोअर. फॅन मोकळा फिरू द्यायचा न्हाई. सहा महिन्यानं एकदा केलं तरी बास.

खटक्यावर_बोट

हे प्रत्येकाने वाचा. बीडाच्या भुग्याचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

गडहिंग्लजकर

सेटिंग सगळ्या केल्या, एफपीएस एकसारखं आहे, तरी भिंतीआड गेल्यावर मरतो. पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) ३०च्या आसपास असतो, मधेच १२०ला जातो. वायफाय आहे.

खटक्यावर_बोट

हा ग्राफिक्सचा विषय नाही. दोन्ही गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत, ३० पिंग उत्तम आहे. मधेच उसळतोय तो वायफायमुळे असण्याची शक्यता जास्त. लॅनची केबल टाका, मग बोला.

बावड्याचा_पोरगा

दादा, सांगितल्याप्रमाणे केलं. ८एक्सचं २एक्स, रिफ्लेक्स चालू, सावल्या मीडियम आणि 'ऑल'. मोकळ्यात आकडा फार वाढला नाही, पण धुरात पडायचा तो आता पडत नाही. बनानामध्ये धुराच्या कडेला उभा राहून फवारा मारला, माऊस हातात राहिला. आणि डस्ट २ मॅपवर लाँग नावाच्या वाटेवर एकाची सावली आधी दिसली, थांबलो, तो आला, मारला!

आता दोन प्रश्न. व्ही-सिंक लावू का? मित्र म्हणतो चित्र फाटत नाही. आणि एफएसआर (लहान चित्र मोठं करून दाखवणं) 'क्वालिटी' लावलं तर अजून वेग मिळेल का?

खटक्यावर_बोट

शाब्बास! सावली वाचायला शिकलास, आता ती सवय सोडू नकोस.

नुसतं व्ही-सिंक लावू नकोस. ते मॉनिटरच्या वेळेची वाट बघत तयार चित्र अडवून धरतं, म्हणजे पुन्हा तोच जडपणा. तुझा मॉनिटर जी-सिंकशी (मॉनिटरचा वेग कार्डाच्या वेगाशी जुळवणारी सोय) जुळणारा असेल तर गोष्ट वेगळी: जी-सिंक, एनव्हिडियाच्या पॅनेलमधलं व्ही-सिंक आणि रिफ्लेक्स तिन्ही एकत्र लावलं की १४४च्या मॉनिटरवर वेग आपोआप १३८च्या आसपास बांधला जातो. चित्र फाटत नाही आणि वाटही बघावी लागत नाही. दोन्ही प्रकारे खेळून बघ, हाताला जे हलकं वाटेल ते ठेव. मी स्वतः काउंटर-स्ट्राइकला सगळं मोकळं सोडतो.

एफएसआर नको. १०८०ला 'क्वालिटी' म्हणजे आत चित्र १२८०×७२०चं बनतं आणि ताणून मोठं केलं जातं. लांबचं डोकं मुळात चार-पाच पिक्सेलचं, त्यातले निम्मे गेले तर नेम कशावर धरणार? तुझं कार्ड आता पुरतंय, त्यामुळे गरजही नाही. आणि कुणी फ्रेम जनरेशन सुचवलं तर स्पर्धेच्या गेममध्ये ते वापरू नका. मधली चित्रं अंदाजाने भरली जातात, आकडा फुगतो, पण माऊसचा प्रतिसाद लांबतो.

शाहूपुरीकर_बाबा

दुसरी पट्टी आणून बसवली. आता टास्क मॅनेजरमध्ये स्पीड ३२००, स्लॉट्स ४ पैकी २ दिसतं. मुलगा म्हणतो अडकणं गेलं. कार्डाचं त्याने पुन्हा काढलेलं नाही, मॉनिटरचं मात्र विचारतोय. तुमच्या कॅफेत १४४चा बघायला मिळेल का?

खटक्यावर_बोट

मिळेल काका, दोघंही या. ६० आणि १४४ शेजारी-शेजारी लावून ठेवतो, मुलालाच त्याच्या अकाउंटवर खेळून बघू दे. सकाळी ११च्या आत आलात तर मशीन मोकळी असतात.

उद्यमनगर_लेथ

मी बी येतो. १०८०वर कडेचं दिसाय लागलंय, पण डोकी बारीक वाटत्यात अजून. १६५०च्या मशीनवर २एक्स आणि ४एक्स दोन्ही लावून बघायचंय.

खटक्यावर_बोट

या दादा. खिडकीजवळचं मशीन १६५०चं आहे, ते तुमच्यासाठी धरून ठेवतो. तुमचा माऊस घेऊन या, आणि त्याचा डीपीआय (माऊस किती संवेदनशील तो आकडा) किती ते लिहून आणा.